धुरकट क्वार्ट्झ: पारख, खरेदी आणि निगा

रत्नांच्या दुकानात कोऱ्या चहाच्या रंगाचा, आरपार दिसणारा आणि आकाराच्या मानाने स्वस्त असा खडा समोर आला, तर तो बहुधा धुरकट क्वार्ट्झ, म्हणजे स्मोकी क्वार्ट्झ असतो. कोणी तो ‘स्मोकी टोपाझ’ या भारदस्त नावाने विकतो, कोणी ‘धुनेला’ म्हणून पुढे करतो, तर कोणी ग्रहपीडेवरचा उपाय म्हणून त्याची किंमत चढवून सांगतो. आणि पुष्कळदा त्याच थाळीत त्याच रंगाच्या काचेचे तुकडेही पडलेले असतात. हा खडा साध्या साधनांनी कसा ओळखावा, विकत घेताना कशाचे पैसे द्यावेत व कशाचे देऊ नयेत आणि घरी आणल्यावर तो कसा जपावा, हे या लेखात सांगायचे आहे. मात्र त्याआधी या दगडाला रंग कसा येतो हे समजून घ्यावे लागते, कारण त्याची पारख, किंमत आणि निगा या तिन्ही गोष्टी रंगाच्या त्या घडणीवर अवलंबून आहेत.

रंग येतो कसा

क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. शुद्ध आणि पारदर्शक रूपात त्यालाच आपण स्फटिक म्हणतो. पूजेतील स्फटिकाची माळ याच खनिजाची असते. जांभळा ॲमेथिस्ट, पिवळा सिट्रीन आणि धुरकट क्वार्ट्झ ही मूलतः एकाच खनिजाची रूपे आहेत. स्फटिक वाढत असताना सिलिकॉनच्या काही मोजक्या जागांवर ॲल्युमिनियमचा अणू बसतो. सिलिकॉनचा विद्युतभार चार, तर ॲल्युमिनियमचा तीन. उरलेली एका भाराची तूट भरून काढण्यासाठी लिथियम, सोडियम किंवा हायड्रोजनचा आयन शेजारच्या पोकळीत येऊन बसतो. एवढे झाले तरी स्फटिक अजून रंगहीनच असतो. ॲल्युमिनियम आत आहे, पण डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

रंगाचे काम त्यानंतर सुरू होते. स्फटिकाभोवतीच्या खडकात पोटॅशियम-४०, युरेनियम आणि थोरियम यांचे अत्यल्प अंश असतात आणि त्यांच्यापासून सतत किरणोत्सर्ग होत राहतो. या किरणांच्या आघाताने ॲल्युमिनियमला लागून असलेल्या ऑक्सिजनचा एखादा इलेक्ट्रॉन जागेवरून उडतो आणि दुसरीकडे अडकून बसतो. इलेक्ट्रॉन गेल्यामुळे रिकामी झालेली जागा दृश्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेऊ लागते, आणि अशा असंख्य जागा तयार झाल्या की स्फटिक तपकिरी दिसू लागतो. या जागांना रंगकेंद्रे म्हणतात. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की हा रंग शाईसारखा बाहेरून आत शिरलेला नसतो आणि एखाद्या रंगीत धातूचाही नसतो; ती स्फटिकाच्या रचनेला झालेली एक प्रकारची इजा असते. ॲल्युमिनियम नसलेल्या क्वार्ट्झवर किरणांचा कितीही मारा केला तरी असा धुरकट रंग चढत नाही.

याला आणखी एक अट आहे, ती थंडाव्याची. काहीशे अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यास अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, मूळ जागी परततात आणि रंग उडून जातो. बहुतेक स्फटिक गरम, सिलिकायुक्त पाण्यातून वाढतात. त्यामुळे वाढ होत असताना जमू पाहणारा रंग टिकत नाही आणि खडक पुरेसा निवल्यावरच तो हळूहळू साचू लागतो. निसर्गातील किरणोत्सर्ग इतका मंद असतो की या साचण्याला लाखो वर्षे लागतात. म्हणजे आधी स्फटिक आणि रंग मागाहून, असा हा क्रम आहे. पुढच्या सगळ्या विवेचनात तो पुन्हा पुन्हा उपयोगी पडेल.

तो सापडतो कुठे

वरच्या अटी एकत्र पाहिल्या की धुरकट क्वार्ट्झचे ग्रॅनाइटशी इतके सख्य का, हे कळते. ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम, युरेनियम व थोरियम यांचे प्रमाण इतर पुष्कळ खडकांपेक्षा जास्त असते आणि त्याच्या शेवटच्या टप्प्यातील भरड कणांच्या पेग्मटाइट शिरांमध्ये मोठे स्फटिक वाढायला जागाही मिळते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक परिसरातील सुमारे १०८ कोटी वर्षे जुन्या ग्रॅनाइटच्या पोकळ्यांमध्ये हिरव्या-निळ्या ॲमेझोनाइटच्या सोबतीने काळपट तपकिरी स्फटिक मिळतात, आणि या जोडीचे नमुने संग्राहकांमध्ये फार मोलाचे मानले जातात. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पर्वतातील ग्रॅनाइटमधून मिळणाऱ्या पिवळसर तपकिरी स्फटिकांना त्या पर्वताचेच नाव पडले आहे. अगदी काळ्या, जवळजवळ अपारदर्शक प्रकाराला मोरियन म्हणतात. आज दागिन्यांसाठी लागणारा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर ब्राझीलमधून, विशेषतः मिनास जेराइस राज्यातून येतो. मादागास्करमध्येही तो मिळतो.

स्वित्झर्लंडमधील आल्प्सची गोष्ट थोडी वेगळी आणि अधिक बोधक आहे. तिथे पर्वत उचलला जात असताना खडकांना पडलेल्या भेगांमध्ये गेल्या काही कोटी वर्षांत स्फटिक वाढले. उंच कड्यांवरच्या भेगांमधील क्वार्ट्झ गडद धुरकट असतो, तर पर्वताच्या पोटातून बोगदे खणताना मिळणारा बहुधा फिकट किंवा रंगहीन असतो. वरचा खडक आधी निवला, त्यामुळे रंग साचायला त्याला अधिक काळ मिळाला, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. १८६८ मध्ये टीफेनग्लेचर या हिमनदीजवळच्या एका पोकळीतून शंभर किलोंहून अधिक वजनाचे धुरकट स्फटिक निघाले. त्यांतील मोठे नमुने बर्नच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पाहायला मिळतात.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टचा आहे. त्याच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट, रंगहीन स्फटिक, अकीक आणि जालना परिसरातील ॲमेथिस्ट हे सगळे मिळते, पण धुरकट क्वार्ट्झ ही या खडकाची ओळख नव्हे. त्यामुळे सह्याद्रीतल्या एखाद्या खाणीतून निघालेला म्हणून कोणी गडद काळा स्फटिक दाखवू लागला, तर लगेच विश्वास ठेवू नये. ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (नाइस) असलेल्या पूर्व विदर्भात किंवा दक्षिण कोकणात असा दगड मिळाल्याचे कोणी सांगितले, तर ते निदान भूशास्त्राला धरून असते. भारतात ओडिशा आणि तमिळनाडू येथून क्वार्ट्झ गटातील रत्ने मिळतात आणि ती पैलू पाडण्यासाठी मोठ्या प्रमाणात जयपूरला जातात.

पारख: कच्चा स्फटिक

कच्च्या स्फटिकाची पारख तुलनेने सोपी आहे. क्वार्ट्झचा स्फटिक सहा बाजूंच्या खांबासारखा असतो आणि टोकाला तो निमुळता होतो. खांबाच्या उभ्या बाजूंवर बारीक आडव्या रेघा असतात. त्या बोटाच्या नखालाही जाणवतात. टोपाझ आणि टुर्मलीन ही क्वार्ट्झहून वेगळी खनिजे आहेत; त्यांच्या स्फटिकांवरच्या रेघा मात्र लांबीच्या दिशेने, म्हणजे उभ्या असतात, आणि एवढ्या एका खुणेवर बऱ्याच शंका मिटतात. लगतच्या दोन उभ्या बाजूंमधील आतला कोन नेहमी १२० अंशांचा भरतो, मग स्फटिक कितीही वेडावाकडा वाढलेला असो. निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने १६६९ मध्ये क्वार्ट्झचे स्फटिक पाहूनच ही कोनांची स्थिरता नोंदवली होती. शाळेतला कोनमापक आणि जाड पुठ्ठ्याचा कापलेला साचा एवढ्यावर हे तपासता येते.

खनिजांची कठिनता १ ते १० अशी मांडणाऱ्या मोहस श्रेणीवर क्वार्ट्झ ७ वर आहे. त्यामुळे त्याचा कोपरा खिडकीच्या काचेवर स्पष्ट ओरखडा काढतो आणि चाकूचे पाते मात्र त्याच्यावर ओरखडा काढू शकत नाही. उलट पात्याचाच धातू दगडावर राखाडी रेघ सोडतो आणि ती बोटाने पुसली जाते. क्वार्ट्झला स्पष्ट पाटन नसते, म्हणजे तो ठरावीक सपाट पातळीत फुटत नाही. फुटलेला भाग शिंपल्याच्या आतील बाजूसारखा वळणदार दिसतो. टोपाझला मात्र एका दिशेने उत्तम पाटन असते, त्यामुळे तुटलेल्या टोपाझचा तळ बहुधा आरशासारखा सपाट असतो. ज्वालामुखीजन्य काच, म्हणजे ऑब्सिडियन, पातळ कडेला धुरकट तपकिरी दिसते आणि तीही शिंपल्यासारखीच फुटते. पण तिला स्फटिकाच्या बाजू नसतात आणि ती वजनाला हलकी असते.

पारख: पैलू पाडलेला खडा

पैलू पाडलेल्या खड्यावर ओरखड्याची चाचणी कधीही करू नये. त्यात खडा खराब होतो, आणि काच की क्वार्ट्झ या प्रश्नाचे उत्तर खड्याला इजा न करताही मिळू शकते. प्रथम दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. काचेत गोल, सुटे बुडबुडे आणि पाकासारखी वळणे दिसतात. तिच्या पैलूंच्या कडा गोलावलेल्या असतात आणि साच्यात ओतलेल्या काचेचे पैलू किंचित खोलगट असतात. क्वार्ट्झमध्ये द्रवाने भरलेल्या अनियमित पोकळ्या, पिसासारख्या पसरलेल्या बारीक भेगा, कधी रुटाइल या खनिजाच्या सोनेरी सुया किंवा रंगाचे सरळ रेषेतील पट्टे आढळतात. हे पट्टे स्फटिकाच्या बाजूंना समांतर असतात, कारण वाढीच्या वेगवेगळ्या थरांत ॲल्युमिनियम कमी-जास्त शिरलेले असते. खडा पांढऱ्या कागदावर उपडा ठेवून, किंवा पाण्यात बुडवून वरून पाहिला, तर हे पट्टे अधिक चांगले दिसतात. अगदी स्वच्छ क्वार्ट्झही पुष्कळ मिळतो, त्यामुळे आत काहीच दिसले नाही एवढ्यावरून खड्याला काच ठरवू नये.

दुसरी चाचणी ध्रुवित प्रकाशाची. तिच्यासाठी लॅपटॉपचा एलसीडी पडदा आणि पोलराइज्ड गॉगल एवढे पुरते. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, गॉगलची काच डोळ्यांसमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत ती फिरवावी आणि त्याच स्थितीत स्थिर ठेवावी. आता खडा काचेच्या साध्या पेल्यात पाण्याखाली चिमट्यात धरून पेला पडद्यासमोर आणावा व खडा सावकाश फिरवावा. क्वार्ट्झ एका पूर्ण फेरीत चार वेळा उजळतो आणि चार वेळा काळवंडतो; काच अंधारीच राहते किंवा तिच्यात अस्पष्ट, धुरासारख्या सावल्या हलतात. प्लास्टिकचा पेला वापरू नये, कारण प्लास्टिकमधील ताणामुळे त्यालाच रंग दिसतात. क्वार्ट्झच्या ठरावीक एका दिशेने पाहिल्यास हा उजेड-अंधाराचा खेळ दिसत नाही, म्हणून खडा निदान दोन-तीन दिशांनी धरून पाहावा. या चाचणीने काच वगळली जाते. टोपाझ मात्र वगळला जात नाही, कारण तोही असाच वागतो.

टोपाझचा प्रश्न वजनाने सुटतो, आणि माझ्या मते घरी करण्याजोगी हीच सर्वांत खात्रीची चाचणी आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा लहान डिजिटल काटा घ्यावा. आधी कोरड्या खड्याचे वजन नोंदवावे. नंतर काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा, खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरावा आणि दिसणारा आकडा लिहून घ्यावा. हा दुसरा आकडा म्हणजे खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. समजा, हवेतील वजन १३.२५ ग्रॅम आणि दुसरा आकडा ५.०० ग्रॅम आला, तर भागाकार २.६५ येतो, आणि हेच क्वार्ट्झचे विशिष्ट गुरुत्व आहे. टोपाझचे सुमारे ३.५ असते, म्हणून तेवढ्याच वजनाच्या टोपाझने जेमतेम ३.८ ग्रॅम पाणी सारले असते. तपकिरी टुर्मलीन ३ च्या किंचित वर भरतो, तर ऑब्सिडियन २.४ च्या आसपास. दोऱ्याला किंवा खड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे उत्तर बिघडवतात; पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला तर ते सुटतात. खडा पाच कॅरेटपेक्षा लहान असेल, म्हणजे एक ग्रॅमहून हलका असेल, तर अशा काट्यावर चूक वाढते. तेव्हा एकाच जातीचे म्हणून विकलेले अनेक खडे एकत्र तोलू नयेत, कारण त्यांत एखादा वेगळा निघाला तर सरासरीत तो लपून जातो. दागिन्यात बसवलेल्या खड्याला ही चाचणी लागूच पडत नाही. तिथे रत्नपरीक्षकाकडे जाऊन अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, मोजून घ्यावा. क्वार्ट्झचे दोन आकडे १.५४४ आणि १.५५३ असे येतात, आणि टोपाझचे त्याहून बरेच वर, १.६१ च्या पुढे असतात.

खडा हातात थंड लागतो म्हणून तो अस्सल, असे विक्रेते हमखास सांगतात. क्वार्ट्झ काचेपेक्षा उष्णता लवकर वाहून नेतो हे खरे, पण वातानुकूलित दुकानात काचही थंडच लागते.

किरण निसर्गाचे की कारखान्याचे

खडा क्वार्ट्झ आहे हे ठरले, तरी त्याचा रंग नैसर्गिक आहे का, हा प्रश्न उरतोच. ॲल्युमिनियमयुक्त रंगहीन क्वार्ट्झवर कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा किंवा वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तर निसर्गात लाखो वर्षांत घडणारे काम अल्पावधीत होते. लासलगावच्या ‘कृषक’ या अन्नावर किरणप्रक्रिया करणाऱ्या केंद्रात कांदा आणि आंबा ज्या प्रकारच्या किरणांखाली ठेवला जातो, त्याच प्रकारचे हे किरण आहेत. त्यामुळे जसा आंबा किरणोत्सर्गी होत नाही, तसा हा खडाही होत नाही. नैसर्गिक धुरकट क्वार्ट्झलाही किरणांनीच रंग दिलेला असतो, पण तो स्वतः किरण सोडत नाही. अंगावर घालण्यात धोका नाही.

अडचण अशी की दोन्ही बाबतीत तयार होणारी रंगकेंद्रे एकाच जातीची असतात. पैलू पाडलेल्या खड्याचा रंग जमिनीत आला की यंत्रात, हे खात्रीने सांगणारी नेहमीच्या वापरातील चाचणी नाही. म्हणून ‘शंभर टक्के नैसर्गिक रंग’ असे सांगून कोणी दुप्पट दर लावत असेल, तर त्या शब्दांचे पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र खडा क्वार्ट्झ आहे हे निश्चित सांगते आणि कारखान्यात उच्च दाबाखाली वाढवलेला कृत्रिम क्वार्ट्झही पुष्कळदा वेगळा काढते. तेवढ्यासाठी ते मोलाचे आहे. मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया किंवा जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) यांसारख्या ठिकाणी खडा तपासून घेता येतो. मात्र कमी किमतीच्या खड्यासाठी प्रमाणपत्राचा खर्चच खड्यापेक्षा जास्त होण्याची शक्यता असते, हा हिशेब आधी करावा.

कच्च्या स्फटिकांच्या झुपक्यात मात्र काही खुणा मिळतात. तळाशी दुधाळ पांढरा आणि टोकांना एकदम डांबरासारखा काळा, असा झुपका दिसला तर संशय घ्यावा. अमेरिकेच्या आर्कान्सॉ राज्यातले सुंदर रंगहीन स्फटिक या प्रक्रियेने काळे करून मोठ्या प्रमाणात विकले गेले आहेत. तिथले बहुतेक क्वार्ट्झ वालुकाश्म आणि शेल यांच्यातील शिरांमध्ये वाढलेले असते; तिथे इतका गडद रंग येण्याइतका किरणोत्सर्ग आजूबाजूला नसतो. नमुना कोणत्या खडकावर बसला आहे हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. सोबत ग्रॅनाइटमधले फेल्स्पार किंवा अभ्रक असेल आणि सापडल्याचे ठिकाण लेबलवर स्पष्ट लिहिलेले असेल, तर संग्राहकाने थोडे अधिक पैसे देणे समर्थनीय आहे.

उलट दिशेची प्रक्रियाही जुनी आहे. काही धुरकट क्वार्ट्झ बेताने तापवल्यावर रंगहीन न होता पिवळा होतो आणि सिट्रीन म्हणून विकला जातो. उरल पर्वताच्या भागातील लोक असे दगड पावाच्या कणकेत घालून भट्टीत भाजत, म्हणजे उष्णता सावकाश चढे आणि दगड तडकत नसे. हा प्रयोग घरच्या गॅसवर करू नये; थेट ज्योतीवर धरलेला क्वार्ट्झ असमान तापून फुटतो आणि त्याचे टवके डोळ्यात उडू शकतात.

विकत घेताना

धुरकट क्वार्ट्झ दुर्मीळ नाही, आणि तो मोठ्या आकारात सहज मिळतो. हिरा किंवा माणिक यांचा कॅरेटमागचा दर आकाराबरोबर झपाट्याने चढतो, तसा या खड्याचा चढण्याचे कारण नाही; म्हणून वीस कॅरेटच्या खड्यासाठी विक्रेता कॅरेटमागे चढा दर सांगू लागला तर घासाघीस जरूर करावी. पैसे द्यायचे ते रंगाच्या छटेचे, स्वच्छतेचे आणि घडणीचे. तांबूस किंवा सोनेरी झाक असलेला मध्यम तपकिरी रंग सर्वांत उठून दिसतो. फार गडद खडा दुकानातल्या प्रखर दिव्याखाली झळाळतो, पण घरातल्या उजेडात तो नुसता काळा ठिपका वाटतो, तेव्हा खडा दुकानाच्या दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहिल्याशिवाय घेऊ नये.

घडण तपासायला छापील कागद पुरतो. खडा मजकुरावर टेकवून वरून पाहावे. मध्यभागातून अक्षरे स्पष्ट वाचता आली, तर खड्याला ‘खिडकी’ आहे, म्हणजे खालच्या बाजूचे पैलू फार उथळ पाडलेले आहेत आणि प्रकाश परत न फिरता खालून निसटतो आहे. प्रकाश आतून परत फिरण्याची ही मर्यादा क्वार्ट्झसाठी सुमारे ४०.४ अंशांची आहे; कारागीर म्हणून खालचे मुख्य पैलू ४३ अंशांच्या आसपास ठेवतात. कच्च्या मालाचे वजन वाचवण्यासाठी पुष्कळदा हा कोन मोडला जातो. अतिशय गडद दगडाच्या बाबतीत मात्र मुद्दाम कमी जाडीचा खडा घडवण्याला अर्थ असतो, कारण त्यामुळे रंग उजळतो.

‘स्मोकी टोपाझ’ हे नाव बिलावर लिहू देऊ नये. बिलावर ‘स्मोकी क्वार्ट्झ’, वजन कॅरेटमध्ये आणि प्रक्रिया केलेली असल्यास तिचा उल्लेख, एवढे लिहून घ्यावे. राहू, केतू किंवा शनी यांच्यासाठी हा खडा सुचवला जातो. नवरत्नांच्या परंपरागत यादीत तो नाही आणि त्याच्या अशा प्रभावाला वैज्ञानिक आधार नाही. ज्यांना श्रद्धेने घालायचा आहे त्यांनी घालावा, पण ‘सिद्ध केलेला’ म्हणून वाढीव दर देऊ नये.

उपयोग

दागिन्यांत या खड्याचा सर्वांत ठसठशीत वापर स्कॉटलंडमध्ये झाला. तिथल्या डोंगरी पोशाखातील शाल अडकवण्याचे ब्रोच आणि मोज्यात खोचायच्या लहान सुरीची मूठ केर्नगॉर्म खड्यांनी सजवली जाई. १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाने बालमोरल खरेदी केल्यानंतर या पोशाखाला राजमान्यता मिळाली, मागणी वाढली, आणि स्थानिक दगड अपुरा पडून परदेशी दगड त्याच नावाखाली बसवला जाऊ लागला. जुन्या ब्रोचवरचा खडा स्कॉटलंडचाच आहे, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही. चीनमध्ये चिंग राजवटीच्या काळात चहाच्या रंगाच्या क्वार्ट्झच्या चकत्या घासून चष्मे करत असत. आपल्याकडे तो मणी, लोलक, अंगठ्या आणि कोरीव वस्तूंसाठी वापरला जातो. चांदीत तो विशेष खुलतो.

विज्ञानात या रंगाचा उपयोग अधिक कुतूहलाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात रेडिओसंचांसाठी क्वार्ट्झच्या पातळ चकत्या अचूक जाडीपर्यंत घासाव्या लागत. जराही जास्त घासले तर कंपनसंख्या हवी त्याहून वर जाई आणि चकती वाया जाई. क्लिफर्ड फ्रॉन्डेल या अमेरिकन खनिजशास्त्रज्ञाने दाखवून दिले की क्ष-किरणांखाली ठेवल्यास अशा चकतीची कंपनसंख्या किंचित खाली येते. चकती त्यात धुरकट होई, पण वापरण्याजोगी होई. आज भूशास्त्रज्ञ क्वार्ट्झच्या वाळूकणांमधील हीच ॲल्युमिनियमची रंगकेंद्रे चुंबकीय क्षेत्रातील एका पद्धतीने मोजतात आणि गाळ किती काळापूर्वी पुरला गेला याचा अंदाज बांधतात, कारण पुरलेल्या कणांत किरणोत्सर्गाची नोंद काळाबरोबर साचत जाते.

निगा आणि काम करताना

खडा कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी धुवावा व मऊ कापडाने टिपावा. धूळ बसलेला खडा कोरडा पुसू नये, कारण धुळीत क्वार्ट्झचेच बारीक कण असतात आणि ते पैलूंची झिलई हळूहळू उतरवतात. वाफेने सफाई करणारे यंत्र टाळावे. अचानक तापल्याने खडा तडकू शकतो. आतून भेगा असलेल्या खड्याला अल्ट्रासोनिक यंत्रातही घालू नये. हिरा, नीलम आणि टोपाझ हे तिन्ही याच्यापेक्षा कठीण आहेत, म्हणून डबीत त्यांच्यासोबत तो मोकळा ठेवू नये. नैसर्गिक रंग साध्या उजेडात चांगला टिकतो, पण काही खडे, विशेषतः किरणांचा मारा करून गडद केलेले, सततच्या प्रखर उन्हात फिके पडतात. शोभेचा स्फटिक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवण्याऐवजी आतल्या फडताळात ठेवलेला बरा.

अंगठी मोठी करायची असेल किंवा डाग द्यायचा असेल, तर सोनाराला खडा काढूनच काम करायला सांगावे. ज्योतीच्या उष्णतेने तडा जाण्याचा धोका असतोच. शिवाय तडा गेला नाही तरी रंग उतरू शकतो, आणि उतरलेला रंग उजेडात ठेवून किंवा धुऊन परत येत नाही.

ज्यांना स्वतः दगड घासायचा किंवा कापायचा आहे, त्यांनी तो सतत पाण्याच्या धारेखालीच घासावा. क्वार्ट्झची कोरडी, बारीक पूड फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गुजरातमधील खंभातच्या अकीक कारागिरांनी या रोगाची फार मोठी किंमत मोजली आहे. साध्या कापडाचा रुमाल किंवा शस्त्रक्रियेचा मास्क या पुडीला अडवत नाही. बारीक कण गाळणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावावा, काम संपल्यावर जागा झाडू नये तर ओल्या कापडाने पुसावी, आणि धुळीचे कपडे घरात झटकू नयेत. घासणीचा क्रम साधारण ६०० क्रमांकाच्या पुडीपासून १२०० आणि ३००० पर्यंत न्यावा आणि शेवटची झिलई सेरियम ऑक्साइडने द्यावी. प्रत्येक टप्प्यानंतर खडा आणि हात दोन्ही धुतले नाहीत, तर आधीच्या भरड पुडीचा एक कण झिलईच्या चकतीवर जातो आणि तयार पैलूवर रेघ उठवतो.